पहाटेचे तिकांडे

माझ्या आबांच्या तरुणपणी आमच्या शिरूर अनंतपाळात घड्याळे फार थोड्या घरांत होती. रात्री रानात राखणीला गेलेला शेतकरी आकाशाकडे पाहूनच वेळ ओळखी. मृग नक्षत्रात तीन ठळक तारे एका ओळीत दिसतात. त्यांना आबा ‘तिकांडे’ म्हणत. तिकांडे कोठवर चढले आहे हे पाहून पहाट किती दूर आहे, ते ते अचूक सांगत. पुढे घरोघर घड्याळे आली, तरी आबांची ही सवय सुटली नाही. तिच्यामुळेच मला आकाशाची ओळख झाली. पण ती ज्या दिवसांत झाली, ते दिवस फार वाईट होते.

१९९३ सालच्या सप्टेंबर महिन्याची ३० तारीख होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली गावे गाढ झोपली होती. पहाटे चार वाजायला काही मिनिटे असताना धरणी हादरली. किल्लारी आणि तिच्या आसपासच्या गावांत दगडामातीच्या जाड भिंती व जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. तो हादरा आमच्या गावापर्यंतही पोचला. आमच्या घराची मागची भिंत ढासळली. आम्ही सारे मात्र वाचलो. माझी आत्या किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात दिली होती. ती वाचली नाही.

त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही उघड्यावर निजत होतो. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. छपराखाली जायचे म्हटले की माझ्या पोटात गोळा येई. रोज पहाटे, नेमक्या त्याच वेळेला, मला दचकून जाग येई. पाहावे तो आबा अंथरुणावर उठून बसलेले असत.

प्रथम काही दिवस लख्ख चांदणे होते. पुढे अंधाऱ्या रात्री आल्या आणि आकाश ताऱ्यांनी भरून गेले. अशाच एका पहाटे आबांनी मला जवळ घेतले आणि दक्षिणेकडे बोट दाखवले.

“ते बघ तिकांडे. चारी बाजूंचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय. त्याच्या पोटात रुतलेला हा बाण. आता बाणाच्या खाली बघ. काय दिसते?”

“तीन बारीक तारे,” मी म्हणाले. “पण मधला पुसट आहे. धुरासारखा.”

“माझे डोळे चांगले होते तेव्हा मलाही तो तसाच दिसे. तो तसा का, हे मला कोणी सांगितले नाही. तू शिकशील, तेव्हा मला सांग.”

थोड्या वेळाने मी भीत भीत विचारले, “आबा, माणूस गेले म्हणजे त्याचा तारा होतो का?”

आबा पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते मला ठाऊक नाही, बाळ. तारे बघत बसले की रात्र सरते, एवढे मला ठाऊक आहे.”

ते रोज त्याच वेळी का जागे होत, हे मला फार उशिरा उमगले. त्यांनीही आपली लेक गमावली होती.

त्याच वर्षी, आमच्या डोक्यावरून कितीतरी उंच, आणखी एक दुरुस्ती चालली होती. एप्रिल १९९० मध्ये हबल नावाची दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे ६०० किलोमीटर उंचीवर सोडण्यात आली होती. दुर्बीण इतक्या उंचावर कशाला न्यायची? घरणी नदीच्या वाहत्या पाण्यात तळाचा दगड थरथरताना दिसतो. तसेच हवेतून पाहिलेले तारे लुकलुकतात आणि त्यांचे चित्र अस्पष्ट येते. हवेच्या वर गेले म्हणजे ही थरथर संपते. परंतु हबलच्या २.४ मीटर रुंदीच्या आरशाची कड घासताना चूक झाली होती. ती चूक होती केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढी! तेवढ्यानेही चित्रे पुसट येऊ लागली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर तेथे गेले. पाच वेळा यानाबाहेर पडून त्यांनी काम केले आणि दुर्बिणीला जणू चष्माच बसवला. आम्ही आमची पडलेली भिंत उभारत होतो, त्याच दिवसांत त्या दुर्बिणीला स्वच्छ दृष्टी मिळाली.

मी पुढे शिकले, शिक्षिका झाले. २००६ साली मृगातील त्या पुसट ठिपक्याचे हबलने काढलेले भव्य चित्र प्रसिद्ध झाले. ते पाहताच मला आबांचा प्रश्न आठवला. तो धूर नव्हताच. तो होता तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धूळ यांचा प्रचंड ढग. या ढगातील वायू आपल्याच वजनाने गोळा होतो, दाबला जातो, तापतो आणि त्यातून तारे जन्माला येतात. त्या एका चित्रात ३,००० हून अधिक तारे टिपले होते. हबलला तेथे कित्येक बालताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्याही दिसल्या आहेत; त्यांतून पुढे ग्रह घडू शकतात. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. तरीही त्या मेघातून आपल्यापर्यंत यायला त्याला सुमारे १,३०० वर्षे लागतात. आबांनी मला दाखवलेला तो प्रकाश वेरूळचे कैलास लेणे खोदले गेले, त्या काळाच्या आसपास निघालेला होता!

त्याच हरणाच्या अंगावर काक्षी नावाचा तांबूस तारा आहे. तो म्हातारा झाला आहे. असे भारी तारे आपले इंधन संपले म्हणजे आतून कोसळतात आणि प्रचंड स्फोटाने फुटतात. अशा फुटणाऱ्या ताऱ्याला अतिनवतारा म्हणतात. काक्षीही एक दिवस असाच फुटेल. मात्र तो दिवस हजारो वर्षे दूर असू शकेल.

तारा फुटल्यावर काय उरते, तेही आकाशाच्या याच भागात पाहायला मिळते. वृषभ राशीतील बैलाच्या एका शिंगाच्या टोकाजवळ १०५४ साली चिनी ज्योतिषांना एक ‘पाहुणा तारा’ दिसला. ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. तो तारा २३ दिवस भर दिवसाही दिसत होता आणि पुढे जवळजवळ दोन वर्षे रात्री दिसत राहिला. आज त्या ठिकाणी क्रॅब तेजोमेघ आहे. क्रॅब म्हणजे खेकडा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण हबलच्या चित्रात फुटलेल्या ताऱ्याचे धागे धागे चहूकडे पसरताना दिसतात. मध्यभागी उरलेला ताऱ्याचा गाभा दर सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही आपली अवकाश वेधशाळा सोडली. तिच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे. तिच्या एका उपकरणाने आरंभीच्या दिवसांत ज्याकडे रोखून पाहिले, तो हाच तेजोमेघ.

हे फुटणे वाया जात नाही. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम यांचा पुष्कळसा भाग असाच फुटलेल्या ताऱ्यांतून आलेला आहे. त्यांची धूळ नव्या मेघांत मिसळते आणि त्या मेघांतून पुन्हा तारे व ग्रह घडतात. आमच्या नव्या भिंतीत आबांनी जुन्या भिंतीचेच दगड घातले होते आणि जुनी सागवानी तुळई नव्या छपराला दिली होती. आत्या मात्र परत आली नाही. ताऱ्यांची गोष्ट कितीही मोठी असली, तरी ते दुःख तिने पुसले जात नाही. पण जे फुटले त्यातूनही काही उभे राहते, हे कळल्यावर छपराखाली निजण्याचे धैर्य मला आले.

२०२१ साली जेम्स वेब नावाची आणखी मोठी दुर्बीण अवकाशात गेली. सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ तुकड्यांचा तिचा आरसा ६.५ मीटर रुंद आहे, आणि ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावर आहे. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण ती टिपते. म्हणून दाट धुळीआड दडलेले बालतारेही तिला दिसतात.

ही चित्रे मी वर्गात दाखवते, तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारते, “बाई, हे रंग खरे आहेत का?” मी तिला खरे तेच सांगते. दुर्बीण वेगवेगळ्या गाळण्यांतून करडी चित्रे घेते; शास्त्रज्ञ मग त्यांना रंग देतात. कोणता वायू कोठे आहे, हे त्या रंगांवरून कळते. रंग मागून दिलेले असले, तरी मेघ खरा असतो.

आबांना उत्तर सांगण्याचे माझ्याकडून राहून गेले. हबलचे ते चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हयात नव्हते. म्हणून मुलांनो, ते उत्तर मी तुम्हांला सांगत आहे. ऑक्टोबरात एखाद्या अंधाऱ्या पहाटे चार वाजता उठा आणि अंगणात या. डोक्यावरून जरा दक्षिणेकडे पाहा. तिकांडे सापडेल. त्याच्या खाली तो पुसट ठिपका आहे. तो नीट पाहा, आणि घरात कोणी वडीलधारे जागे असेल, तर त्यांनाही बोलावून दाखवा.