चारतोंड्या

होली या अमेरिकन कंपनीचा साडेसातशेचा कार्बोरेटर पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला तो धरायचा कुठे हेच कळत नाही. वरून चार गोल तोंडं. पुढे एक आणि मागे एक अशा पेट्रोलच्या दोन पेट्या. कडेला स्प्रिंगा, दांड्या, रंगीत प्लास्टिकच्या चिमुकल्या कॅमा, आणि जिथे बघावं तिथे स्क्रू. अंग जस्ताच्या ओतकामाचं. नवा असताना त्यावर फिकट सोनेरी झाक असते. द्रोणागिरीत ती फार दिवस टिकत नाही. एकीकडे करंजाची खाडी, दुसरीकडे उरणचा समुद्र, मध्ये खारफुटी. एक पावसाळा गेला की सांध्यासांध्यांत पांढरी पूड धरते.

गॅरेजात त्याला चारतोंड्या म्हणतात. खरं तर या गॅरेजाला त्याची ओळख असण्याचं काही कारण नव्हतं. शेजारी न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झालं तेव्हापासून इथलं काम म्हणजे कंटेनरचे ट्रेलर: एअर ब्रेक, क्लच प्लेट, तुटलेले पाटे. सगळं डिझेल, आणि डिझेलला कार्बोरेटर लागतच नाही. त्यामुळे तो बसवलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की ट्रेलरचे ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन येतात आणि याच्या तोंडात डोकावून बघतात. कोणी बोट घालायला गेलं तर मिस्त्री ओरडतात.

गाडी साठच्या दशकातली शेवरोले इम्पाला. या गाड्यांचा मुंबईत एके काळी केवढा रुबाब होता. पण १९७३ साली अरब देशांनी तेल आवळलं, पेट्रोल भडकलं, आणि अनेक मालकांनी व्ही-एट इंजिनं उपसून त्यांच्या जागी डिझेल इंजिनं बसवली. ही इम्पालाही त्याच वाटेने गेली होती. लांबलचक बॉनेटखाली चार सिलिंडरांचं डिझेल बरीच वर्षं धडधडलं. आताच्या शेठनी ते काढलं, ३२७ घन इंचांचं, म्हणजे ५.४ लिटरचं, तिच्या जातीचं इंजिन शोधून आणलं आणि त्याच्या डोक्यावर हा चारतोंड्या हट्टाने बसवला. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ साली बंदी आली आणि २०२१च्या डिसेंबरात ती उठली. मधल्या काळात या पट्ट्यातल्या हौशी लोकांनी आपला शौक कुठे कुठे वळवला याची ही गाडी एक साक्ष आहे.

हट्टाने म्हटलं, कारण हिशोबात तो बसत नव्हता. हिशोब सोपा आहे. इंजिनाचं आकारमान घन इंचांत घ्यायचं, त्याला सर्वांत जास्त आरपीएमने गुणायचं आणि ३४५६ने भागायचं. मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते कळतं. ३२७ घन इंच आणि साडेपाच हजार आरपीएम धरले तर उत्तर येतं ५२०. सहाशेचा कार्बोरेटर आरामात पुरला असता. चारतोंड्या मिनिटाला साडेसातशे घनफूट सोडू शकतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत साडेसात फूट उंचीपर्यंत भरलेली सगळी हवा. पद्मिनी टॅक्सीच्या १०८९ सीसी इंजिनाला याच हिशोबाने शंभरच्या आसपास पुरतात.

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हा शेठचा समज, बहुतेकांचा असतो. चारतोंड्याचा स्वभाव मात्र वेगळा आहे. तो पेट्रोल ढकलत नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा त्याच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते, वेग आला की तिथला दाब उतरतो, आणि पेटीतल्या पेट्रोलवर बसलेला बाहेरच्या हवेचा दाब त्याला जेटमधून वर रेटतो. सगळा कारभार या ओढीवर. गळा जितका रुंद, तितकी हवा सावकाश आणि ओढ कमजोर. मोठ्या तोंडी लहान घास गेला तर याला तो जाणवतसुद्धा नाही. म्हणून कमी आरपीएमला, गर्दीत, फाट्यावरच्या सिग्नलला हा रुसलेला असतो. रोजच्या वापराला मी तरी तो कुणाला सुचवणार नाही.

पण शेठना रोज कुठे जायचंय? त्यांना हवेत चारशे दोन मीटर. क्वार्टर माईल. सरळ रस्ता, उभ्या जागेवरून सुटायचं, पाय तळाला. तिथे मधला आरपीएम, सरासरी, मायलेज यांना काही किंमत नाही. शिवाय हा डबल पंपर जातीचा. साध्या चारतोंडी कार्बोरेटरात मागची दोन तोंडं इंजिनाला गरज वाटली की व्हॅक्युमने उघडतात. याची मागची तोंडं दांडीने बांधलेली. पाय दाबला की उघडलीच. इंजिनाला पेलतंय की नाही, हे तो विचारत नाही. दाबणाऱ्याची अक्कल लगेच उघडी पडते.

आणि ती उघडी पडते पहिल्या अर्ध्या सेकंदात. पाय एकदम तळाला गेला की हवा हलकी असल्याने लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. गळ्यातली ओढ मोडून पडते. ही फट भरण्यासाठी प्रत्येक पेटीच्या तळाशी रबरी पडद्याचा एक पंप असतो. दांडी हलली की तो बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी मारतो. ती किती जाड, किती वेळ, किती लवकर, यातच ड्रॅग शर्यतीचं निम्मं ट्युनिंग आहे. नळीचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात. त्या रंगीत कॅमा पिचकारीचा वेग आणि वेळ ठरवतात. गुलाबीचा आकार वेगळा, नारंगीचा वेगळा.

हे सगळं ज्यांच्या हाती आहे ते मिस्त्री मुंबईच्या टॅक्सीवर शिकले. पद्मिनीच्या एकतोंडी सोलेक्सवर. कचरा अडकला की जेट काढायचं, तोंडाने फुंकायचं, उजेडाकडे धरून बघायचं. पेट्रोलची चव जिभेवर राहायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्याच्या कितीतरी आधी ते उरणला परतले होते. होलीचं पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही. पण पहिल्या दिवशी शेठनी पाय दाबला, इंजिन क्षणभर गप्प झालं, चारतोंड्याच्या गळ्यातून फाट्‌कन एक ज्वाळ वर आली आणि मग कुठे इंजिन उठलं, तेव्हा मिस्त्री मागेसुद्धा सरले नाहीत.

"उपाशी हाय," ते म्हणाले.

एकतीस नंबरची नळी काढून पस्तीसची लावली. आता खोकला गेला, पण गाडी आळसावली, मागून काळा धूर. "आता अजीर्ण." मग बत्तीस, आणि कॅमचा रंग बदलला. यातलं काहीही त्यांनी मीटर बघून केलं नाही. मीटर होता, सायलेन्सरच्या पाइपात सेन्सर बसवून शेठच्या पुतण्याने मिश्रणाचे आकडे मोबाइलवर घेतले होते. मिस्त्रींनी काम झाल्यावर आकडा विचारला, मान डोलावली. कान आणि आकडा जुळले याचं मला कौतुक वाटलं; त्यांना वाटलं नाही.

पेटीतली पातळी बघण्याची पद्धत तर बघत बसावी अशी. इंजिन चालू ठेवायचं, पेटीच्या कुशीतला छोटा पितळी स्क्रू काढायचा. पेट्रोल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन थबकलं पाहिजे. गाडीला जरा धक्का दिला तर एखादा थेंब ओघळावा, धार लागता कामा नये. पातळी वर असेल तर वरचा नट फिरवून सुई खाली. बाजूला पोरगा आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा. तापलेल्या इंजिनावर उघडं पेट्रोल, आणि पलीकडे ओएनजीसीच्या प्रकल्पाची चिमणी जळतेय.

उभ्या गाडीत ही पातळी खरी असते. सुटताना मात्र सगळं पेट्रोल मागे धावतं. पुढच्या पेटीत जेट मागच्या भिंतीला, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. मागच्या पेटीत जेट पुढच्या भिंतीला. पेट्रोल नेमकं त्यांच्यापासून लांब पळतं आणि ऐन झेपेत मागची दोन तोंडं कोरडी हवा गिळतात. उपाय म्हणून त्या जेटांना मागे पोहोचणाऱ्या नळ्या जोडतात आणि त्या आड येऊ नयेत म्हणून फ्लोट खाचेचा घेतात. हे रहस्य कळेपर्यंत शेठ गिअरबॉक्सला शिव्या घालत होते.

दोन होली भावांनी अमेरिकेत हा धंदा काढला आणि फोर्डच्या मॉडेल टीला कार्बोरेटर पुरवले. चारतोंड्याच्या घराण्याचा मूळपुरुष १९५७चा. अमेरिकेतली नॅस्कारची मुख्य शर्यतमालिका २०११पर्यंत कार्बोरेटरवर धावली, इतका त्याचा वट. आपल्याकडे मोटारींतून तो २०००च्या सुमारास गेला आणि १ एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स आल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकलींतूनही. आता चारतोंड्याच्याच जागी बसणारे इंजेक्शनचे संच मिळतात. ते हवा, उष्णता, दाब स्वतः मोजून स्वतः जुळवून घेतात. कामाला ते सरस आहेत, यात वाद नको. पुतण्या रोज तेच सांगतो. शेठ ऐकत नाहीत.

दरम्यान पेट्रोल बदललं. चारतोंड्याला जे माहीत होतं ते निव्वळ पेट्रोल: एक भाग पेट्रोलला चौदा पूर्णांक सात भाग हवा. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि आपल्या महाराष्ट्रात ते बरंचसं उसातून येतं. इथेनॉलला नऊच भाग हवा पुरते, म्हणून मिश्रणाचा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. जुनी जेट तीच ठेवली तर इंजिन उपाशी चालतं. बहात्तरची जेट काढून चौऱ्याहत्तरची घालावी लागली. वर इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि द्रोणागिरीच्या हवेत पाण्याची कमी नाही. पंपाचे जुने रबरी पडदे फुगून निकामी झाले. इथेनॉल सोसणारे नवे मागवले. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मिस्त्री दोन्ही पेट्या रिकाम्या करून ठेवतात.

द्रोणागिरीत गाडी पळवायची कुठे, हा प्रश्न मला कुणीतरी विचारेलच. सिडकोचे रस्ते रुंद आणि रात्री सुने दिसतात, पण कडेला दिवे न लावता उभे असलेले ट्रेलर ज्यांनी पाहिलेत ते तिथे हा प्रयोग करणार नाहीत. गॅरेजच्या आवारात जागेवरच जेवढं जुळेल तेवढं जुळवायचं. खरी धाव लोणावळ्यापलीकडे ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर, जिथे क्वार्टर माईलच्या स्पर्धा होत आल्या आहेत. आणि तिथेच पंचाईत. ती जागा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. हवा सहा-सात टक्क्यांनी विरळ. इंजेक्शनवाल्याला कळणारही नाही, पण चारतोंड्या खाडीकाठच्या जाड हवेचं माप घेऊन वर जातो आणि तेवढंच पेट्रोल ओततो. अजीर्ण ठरलेलं. दर दोन हजार फुटांना जेट एक नंबरने खाली, असा होलीवाल्यांचा ठोकताळा आहे. सकाळच्या गार हवेत आणि दुपारच्या उन्हात पुन्हा थोडा फरक.

म्हणून इम्पाला फ्लॅटबेडवर चढली तेव्हा मिस्त्रींनी त्र्याहत्तरची चार जेट हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून शेठच्या हातात दिली. वर पोहोचल्यावर चारही बदलायची, आणि परत खाली आल्यावर स्टार्टर मारायच्या आधी चौऱ्याहत्तरची लावायची.

"आणि राहिलं तर?" शेठ म्हणाले.

"खाली हवा जाड, पेट्रोल कमी. पिस्टन तापंल." मिस्त्रींनी हात पुसले. "मंग मला फोन करू नका. पुतन्याला करा."