भुरीच्या पोटाखालची गाठ



आज हरभऱ्याच्या मर रोगावर लिहायचं ठरवलं होतं, ते उद्या लिहितो. आज आमच्या मांजरीबद्दल. हसायचं त्यांनी हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. यात माझ्या चुका आहेत आणि त्या कुणाच्याही घरी होऊ शकतात.

भुरी हे मांजरीचं नाव, द्राक्षवाल्यांनी दचकू नये. रंग राखेसारखा म्हणून भुरी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हाची ही. आमच्या कोरड्या विहिरीच्या कडेला मूठभर पिल्लू ओरडत होतं. माणसाला पाणी नव्हतं, तरी आई म्हणाली, "राहू दे, वाटीभर दुधानं काय होतंय." त्याला आता आठ वर्षं झाली.

२०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली. म्हणून मी ४१ कट्टे शेडमध्ये थप्पी मारून ठेवलेत. शेजारच्याच्या शेडात उंदरांनी कट्टे फोडून भुसा केला. माझा एक कट्टा फुटला नाही. उंदराचं औषध मी ठेवत नाही, भुरी ठेवतो. ती थप्पीवर झोपते, तीच राखण.

दसऱ्यानंतर चार-सहा दिवसांची गोष्ट. रास करून आलो, ओट्यावर टेकलो, ती मांडीवर येऊन उताणी झाली. पोटावरून हात फिरवला तर मागच्या बाजूला, सडाजवळ काहीतरी हाताला लागलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. कातडीखाली घट्ट. दाबलं तर ती ओरडली नाही. मला वाटलं काटा रुतला असेल, नाहीतर गोचीड. दिवा आणून बघितलं, गोचीड नव्हता. मग हरभऱ्याची पेरणी आली, तुरीवर अळी आली, दिवाळी आली. विसरलो म्हणणार नाही. रोज आठवत होतं आणि रोज उद्यावर ढकलत होतो.

नोव्हेंबरच्या मध्यात परत हात लावला. गावरान बोराएवढी झाली होती. तिथले केसही चाटून चाटून गेले होते.

मग घरात आणि पारावर सल्ले सुरू झाले. आई म्हणाली, गळू असेल, चुना-हळद लाव, पिकून फुटंल. एकजण म्हणाला, लम्पी आहे, लेकरांना लांब ठेवा. २०२२ ला लम्पीत आमची कालवड गेली, त्यामुळं त्या शब्दानं पोटात गोळाच आला. अजून एकानं सांगितलं, गोचिडाचं औषध पाण्यात टाकून पुसून घे. आणि मी स्वतः काय करणार होतो? ताप असेल म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात देणार होतो. सूनबाई धावत आली, "मामा, नका देऊ. मांजराला ती गोळी विषासारखी असते." मला खरं वाटलं नाही. पुढं डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. माणसाच्या शरीरात ही गोळी पचून बाहेर पडते, मांजराच्या लिव्हरला ते जमत नाही. रक्त खराब होतं. अर्ध्या गोळीत मांजर जाऊ शकतं.

गोचिडाच्या औषधाचं मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती. भुरीच्या आधी आमच्याकडं एक बोका होता. २०१४ ला बैलांना सायपरमेथ्रिन लावत होतो. बोक्याच्या अंगावरही पिसवा दिसल्या, म्हणून तेच फडकं त्याच्या अंगावरून फिरवलं. संध्याकाळी तो थरथरायला लागला, तोंडाला फेस, सकाळी संपला. बैलाला चालतं ते मांजराला चालत नाही, हे मी एक जीव घालवून शिकलो. आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे लावलेलं औषध पोटातच जातं. चुना-हळदीचंही तसंच.

तरीही दवाखान्यात न्यायचं मनावर घेत नव्हतो. खरं सांगतो, लाज वाटत होती. गाय-म्हैस नेली तर कुणी काही म्हणत नाही. मांजर घेऊन एसटी स्टँडवर उभं राहायचं म्हणजे गाव हसणार.

त्या रात्री जेवताना आमच्या घरच्या एकच वाक्य बोलल्या. "आक्कानं पण असंच अंगावर काढलं." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. छातीत गाठ होती, लाजेपोटी दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. त्या बोलल्या आणि ताट उचलून आत गेल्या. मला पुढं घास गेला नाही.

सकाळी टोमॅटोच्या दोन कॅरेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, आत पोतं टाकलं, भुरीला घातलं आणि मुलाच्या गाडीवर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. रांगेत पुढं दोन शेळ्या आणि एक वासरू. कुणी हसलं नाही. वासरूवाला म्हातारा म्हणाला, "जीव आहे की, आणायलाच पाहिजे."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी बघितलं नाही, आधी विचारलं. कधी लागली हाताला? किती वाढली? दुखते का? खाते का? मग दोन्ही बाजूचे सड एकेक करून बोटांनी चाचपले. मांजरीला साधारण आठ सड असतात, चार-चारच्या दोन ओळी. गाठ डाव्या ओळीत शेवटून दुसऱ्या सडाखाली होती. पट्टीनं मोजली, २२ मिलिमीटर.

त्यांनी मला गाठीगाठीतला फरक समजावला, तो जसा कळला तसा लिहितो. भांडणात दुसऱ्या मांजराचा दात लागून जी गाठ येते ती दोन-तीन दिवसांत फुगते, गरम असते, दाबली की मांजर चावायला येतं, आत पू असतो, तापही येतो. ती साफ करून औषधानं बरी होते. बेंबीजवळ मऊ, दाबली की आत जाणारी गाठ असेल तर ते हर्निया असू शकतं. पण सडाजवळची घट्ट, न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ सगळ्यात वाईट. मांजरीत अशा दहा गाठींतल्या आठ-नऊ कॅन्सरच्या निघतात. आणि लम्पी नाही. तो गाईगुरांचा रोग, मांजराला होत नाही, माणसालाही होत नाही.

मग त्यांनी विचारलं, "काका, हिला पिल्लं होऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं होतं का कधी?"

मी गप्प झालो. दिलं होतं. दर वर्षी दोन वेळा पिल्लं, वाटून वाटून गाव संपलं. नसबंदीला खर्च आणि हेलपाटे. कुणीतरी सांगितलं, एक सुई टोचली की माजावर येत नाही. तीन वर्षं, वर्षातून दोनदा, एकाकडून टोचून घेतलं. स्वस्तात काम झालं म्हणून मी खूश होतो. डॉक्टर म्हणाले, ते हार्मोन असतं, आणि त्यानं सडाच्या गाठीचा धोका वाढतो. हिला त्यानंच झालं असं ठामपणे सांगता येत नाही. पण मादीची नसबंदी पहिला माज यायच्या आधी, सहा महिन्यांच्या आत केली असती, तर हा धोका फारच कमी झाला असता.

सुईनं नमुना घेतला आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायला सांगितलं. तिथं आधी छातीचा एक्स-रे काढला, कारण ही गाठ फुप्फुसात पसरते. फुप्फुस स्वच्छ दिसलं. मग भूल देऊन डाव्या बाजूची सडांची पूर्ण ओळ काढली. मी विचारलं, गाठ एवढीशी, एवढं का कापायचं? ते म्हणाले, एका ओळीतले सड आतून जोडलेले असतात, नुसती गाठ काढली तर परत येते.

टाके चाटू नयेत म्हणून सूनबाईनं माझ्या जुन्या बनियनला चार भोकं पाडून अंगरखा शिवला. पहिले दोन दिवस भुरीनं काही खाल्लं नाही. आई, जी म्हणत होती मांजराला कसला दवाखाना, तीच रात्री उठून बोटानं दूध चाटवत होती.

तपासणीचा कागद आला. कॅन्सरच आहे. डॉक्टरांनी लपवलं नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असताना निघाली तर मांजर बरेच दिवस काढतं, जेवढी मोठी तेवढे दिवस कमी. मी विचारलं, हिला किती? ते म्हणाले, "आकडा सांगणार नाही काका. महिन्याला हात फिरवून बघा, दुसऱ्या बाजूलाही. श्वास जोरात चालला की लगेच आणा."

२२ मिलिमीटर. दसऱ्याला हरभऱ्याएवढी होती. तेव्हाच गेलो असतो तर, हा हिशोब मी तेव्हापासून करतोय. उत्तर बदलत नाही.

आपण कापसाची बोंडं फोडून अळी बघतो, तुरीची शेंग न् शेंग उलटतो. नुकसानीची पातळी आपल्याला तोंडपाठ. आणि आठ वर्षं मांडीवर बसणाऱ्या जीवावर नीट हात फिरवायला मला वेळ नव्हता.

येळवसच्या आत टाके निघाले. यंदा कोपीवर भुरीलाही नेलं, भज्जीतलं काही तिनं खाल्लं नाही, अंबिल मात्र हुंगून बघितलं. आता परत थप्पीवर झोपते. उडी मारताना अजून एक पाय जपून टाकते. दर महिन्याच्या १ तारखेला कॅलेंडरवर मी 'भु' लिहून ठेवलंय. १ जानेवारीला बघितलं, उजवी बाजू स्वच्छ होती.

तुमच्या घरी मांजर असेल तर आज संध्याकाळी मांडीवर घ्या, उताणं करा, दोन्ही बाजूनं बोटं फिरवा. काही लागलं तर तारीख लिहा, हाताला लागलेलं दाण्यात मोजा आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. घरातली औषधं देऊ नका, गुरांची लावू नका. पिल्लं नको असतील तर सुईच्या मागं न लागता नसबंदी करून घ्या. १९६२ नंबरवर फोन केला तर जवळच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. जाणकारांनी माझं काही चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

उद्या मर रोगावर लिहितो. झाडं उपटून ठेवलीत.