खालचा पत्रा

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. कुठे होतीस म्हणून विचाराल तर उत्तर आहे, बसमध्ये. हसू नका, खरंच सांगतेय.

तर झालं असं. धाकटी लेक २०२१ मध्ये कॉलेजला गेली, घर एकदम रिकामं झालं आणि नवऱ्याच्या डोक्यातलं जुनं खूळ परत वर आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आम्ही शाळेची एक निवृत्त पिवळी बस विकत घेतली. इथे अमेरिकेत शाळांच्या बस काही वर्षं वापरून झाल्या की लिलावात निघतात, आणि त्या घेऊन त्यांचं फिरतं घर करणारी बरीच हौशी मंडळी आहेत. आमची बस २००४ सालची. ड्रायव्हरच्या मागून ते मागच्या दारापर्यंत २२ फूट, रुंदी साडेसात फूट. म्हणजे १६५ चौरस फूट. लहानपणी कासारवाडीला आमची खोली याहून फार मोठी नव्हती आणि तीत आम्ही पाच जण राहायचो. त्यामुळे जागा पुरेल की नाही, ही चिंता मला कधी वाटली नाही. भांडण झालं ते जमिनीवरून.

नवऱ्याला हवं होतं ओकचं लाकूड, पाऊण इंच जाडीचं. दिसायला देखणं, वादच नाही. पण मी हिशोब मांडला तर एवढ्या जागेला नुसतं लाकूडच दोनशे किलोच्या आसपास जात होतं. शिवाय लाकूड हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. मिशिगनमध्ये दारात उभी असलेली बस जानेवारीत शून्याखाली वीस अंशांपर्यंत गारठते आणि जुलैच्या उन्हात आतून भट्टी होते. घराच्या जमिनीला एवढं सोसावं लागत नाही. सिरॅमिक टाइल्सचा विचार मी पहिल्या दिवशीच सोडला. बसचा सांगाडा रस्त्यावर सतत पिळवटत असतो, त्यात टाइल्सचे सांधे किती दिवस टिकणार? मनातून मला आवडली असती आपली शहाबादी फरशी. उन्हाळ्यात दुपारी पोटावर झोपायला तिच्यासारखं सुख नाही. पण ती बसमध्ये घातली तर बस जागची हलायची नाही. :)

मग लिनोलियमचा नमुना आला. हे मला आधी माहीत नव्हतं, पण लिनोलियम म्हणजे प्लास्टिक नाहीच मुळी. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रज माणसाने ते शोधलं. जवसाचं तेल हवेत घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा चुरा, लाकडाचा भुसा, चुनखडी वगैरे मिसळायचं आणि तागाच्या कापडावर ते लाटायचं. नमुन्याला वासही चक्क तेलाचा येत होता. आई जवसाची चटणी कुटायची त्या दिवसाची आठवण झाली. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण ते येतं दोन मीटर रुंदीचं, म्हणजे साधारण साडेसहा फूट, आणि आमची बस साडेसात. मधे सांधा आलाच. सांधा आला की पाणी आलंच.

शेवटी तह झाला तो व्हायनिलच्या पट्ट्यांवर. दिसायला ओक (नवरा खूश), पाण्याला घाबरत नाही (मी खूश), आणि खटके एकमेकांत अडकवून बसवायच्या, म्हणजे कारागीर नको (दोघांचा खिसा खूश).

या सगळ्या काळात दर रविवारी माझा पुण्याला फोन असायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत पस्तीस वर्षं होते. १९६८ ला लागले, २००३ ला निवृत्त झाले. मी त्यांना कौतुकाने नमुने दाखवायचे. हा करडा, हा तपकिरी, यावर बघा लाकडाच्या रेषासुद्धा आहेत. ते चष्मा वर करून बघायचे, "छान आहे" म्हणायचे आणि मग विचारायचे, "खाली पत्रा कसा आहे?"

"चांगला आहे अण्णा. वर प्लायवूड आहे ना."

"प्लाय काढून बघितलं का?"

नव्हतं काढलं. शाळेच्या बसची जमीन थरांची असते. सगळ्यात वर रबराची जाड चटई, तिच्याखाली प्लायवूड आणि त्याच्याखाली पोलादी पत्रा. आम्ही सीटा काढल्या, रबर खरवडून काढलं. खालचं प्लायवूड दिसायला कोरडं होतं. नवरा म्हणाला, "शाळेची बस आहे, दरवर्षी तपासणी होते हिची. कशाला उकरायचं?" आणि मलाही तेच ऐकायचं होतं. पुढच्या रविवारी अण्णांनी परत विचारलं. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्यांदा मी जरा तुटकपणेच म्हटलं, "अण्णा, इथल्या गाड्या वेगळ्या असतात हो." ते गप्प बसले. मग विषय बदलून पावसाचं बोलले.

जुलै २०२२ मध्ये आम्ही पट्ट्या घातल्या. दोन दिवसांत काम झालं. फोटो काढून सगळ्यांना पाठवले, तुमच्यापैकी काहींना आलेही असतील. सप्टेंबरात लेक सुपिरिअरच्या काठाने आठ दिवस फिरून आलो. हिवाळाभर बस दारात बर्फाखाली उभी राहिली.

एप्रिल २०२३ मध्ये दार उघडलं तर आत पावसाळ्यात गोणपाट भिजल्यावर येतो तसा वास. पायऱ्यांपाशी पाऊल टाकलं तर जमीन किंचित खाली गेली. वरून काही नाही. पट्ट्या नव्यासारख्या चकचकीत. दोन-तीन पट्ट्या उचलल्या आणि खालचं प्लायवूड हाताने मोडलं, ओल्या बिस्किटासारखं.

का झालं ते आता कळतं. वर्षानुवर्षं मुलं बर्फाचे बूट घालून चढायची आणि त्या बुटांना रस्त्यावरचं मीठ. इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. डेट्रॉइट शहराच्या तर पोटातच, हजारभर फूट खाली, मिठाची खाण आहे. ते खारट पाणी सीटांच्या बोल्टांच्या भोकांतून प्लायवूडमध्ये मुरलेलं. वर रबर असताना ते सुकायला वाव नव्हता. आम्ही रबर काढलं आणि त्याहून पक्कं झाकण घातलं. त्यात भर म्हणजे आम्ही आत हीटर लावून स्वयंपाक करणार, श्वास घेणार. ती दमट हवा फटींतून खाली जाऊन गार पत्र्याला लागली की तिथे दव धरणार. वरची जमीन जितकी चांगली, तितकं खालचं दिसत नाही, एवढा साधा मुद्दा होता. तो माणूस तीन रविवार तेच विचारत होता.

त्या संध्याकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. पैसे गेले होते, पण भांडण त्याचं नव्हतं. "तुझे वडील सांगत होते, तू का नाही आग्रह धरलास?" असं नवरा म्हणाला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

ते इथे लिहिते. इतकी वर्षं अमेरिकेत कुणी विचारलं की मी सांगायचे, वडील ट्रान्सपोर्ट खात्यात होते. हे खोटं नाही. ते साहेब होते असं मी कधी म्हटलं नाही. समोरच्याला तसं वाटलं तर वाटू दिलं, इतकंच. अण्णा बॉडी शॉपमध्ये फिटर होते. ते घरी यायचे तेव्हा कपड्यांना ग्रीसचा आणि लोखंडाचा वास असायचा, आणि शाळेत असताना मैत्रिणी घरी आल्या की ते लवकर येऊ नयेत असं मला वाटायचं. पस्तीस वर्षं ते नेमकं काय करत होते, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, ते "मी म्हटलं होतं" म्हणतील. ते म्हणाले, "प्लाय सगळं काढा. पत्रा मोकळा करा. मग मला फोन कर. हातोडी जवळ ठेव."

दोन शनिवार-रविवार गेले प्लायवूड काढण्यात. गंजलेले स्क्रू, चिकटलेला चुरा, आणि खाली तो पत्रा, तांबूस, जागोजागी फोड आलेला. फोन लावला. भावाने तिकडे अण्णांच्या कानाशी धरला.

"दाराकडून सुरू कर. एकेक वीत सोडून मार. जोरात नको. आणि बोलू नका कुणी."

मी मारत गेले. टण. टण. टण. बद्द.

"थांब. परत मार तिथं." बद्द. "खाल्लाय तो. खूण कर."

बारा हजारांवर किलोमीटरवरून एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस फोनवर आवाज ऐकत होता आणि माझा नवरा गुडघ्यांवर बसून खडूने गोल काढत होता. तासभर चाललं होतं. अकरा गोल झाले. नंतर तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघितला. दोन ठिकाणी, पायरीपाशी आणि डाव्या मागच्या चाकाच्या वर, तो आरपार गेला. बाकी आठ ठिकाणी पत्रा पातळ झाला होता. एक गोल चुकला होता. तो त्यांनीच दुसऱ्या दिवशी विचार करून सांगितला, "तिथं खालून आडवी पट्टी असेल, म्हणून आवाज तसा आला."

तेव्हा ते पहिल्यांदा कामाचं बोलले. कोकणातल्या डेपोच्या गाड्या आल्या की त्यांना आधीच माहीत असायचं, कुठे उघडायचं. मासळीच्या पाट्यांचं पाणी सांडायचं ते दारापाशी आणि मागच्या सीटखाली. खारी हवा वेगळीच. "तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणालीस ना, मग ती मालवणचीच गाडी समज," म्हणाले. मी "इथल्या गाड्या वेगळ्या असतात" म्हटलेलं त्यांच्या लक्षात होतं की नाही, कोण जाणे. मला विचारवलं नाही.

पुढचं काम थोडक्यात सांगते, कारण कुणी हे करणार असेल तर उपयोगी पडेल. दोन मोठ्या भोकांना वेल्डरकडून पत्र्याची ठिगळं लावून घेतली. बाकीचा गंज ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून उडवला. मास्क आणि चष्मा लावा, अजिबात आळस करू नका. मग फॉस्फरिक ॲसिड असलेलं गंजावरचं द्रावण. त्याने उरलेला गंज काळा पडून बसतो. मग प्रायमरचे दोन हात. सीटांच्या बोल्टांची साठेक भोकं राहिली होती. त्यांवर इथल्या बस-वेड्यांची एक गमतीची रीत आहे. भोकावर सीलंटचा ठिपका द्यायचा आणि त्यावर एक सेंटचं नाणं दाबून बसवायचं. वॉशरपेक्षा स्वस्त! ही नाणी पाडणं अमेरिकेने २०२५ च्या नोव्हेंबरात बंद केलं, तेव्हा आमच्याकडे जमिनीखाली साठेक सेंटचा ऐतिहासिक ठेवा आहे म्हणायला हरकत नाही.

वर एक इंच जाडीचा गुलाबी फोम. त्याचे सांधे टेपने बंद, म्हणजे आतली दमट हवा पत्र्यापर्यंत जाणार नाही. त्यावर अर्धा इंच नवं प्लायवूड. सगळ्यात वर साधी व्हायनिलची सलग शीट. ती इथे बारा फूट रुंदीच्या गुंडाळीत मिळते, त्यामुळे साडेसात फुटी बसमध्ये एकही सांधा आला नाही. आणि सगळी मिळून पन्नास किलोच्या आत. रंग करडा, कारण धूळ दिसत नाही. नवरा पाच फूट दहा इंच आहे. आता त्याची टाळू आणि छप्पर यांच्यात इंचभर जागा उरलीय. चपला काढूनच आत यायचं हा नियम आपोआप झाला. आपल्याकडे तो आहेच.

ऑगस्ट २०२३ मध्ये सगळं पुरं झालं तेव्हा मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. फोन सावकाश फिरवून जमीन दाखवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी बघितलं. "छान आहे," म्हणाले. मग म्हणाले, "आता खाली जा."

मी दारातल्या डांबरावर पाठीवर झोपून फोन घेऊन बसखाली सरकले. ते बराच वेळ बोलले नाहीत. नुसतं "डावीकडे घे", "जरा मागे", "ते चाकावरचं दाखव" इतकंच. ठिगळाच्या वेल्डिंगपाशी थांबायला सांगितलं. जवळून बघितलं.

"इकडूनही प्रायमर मारलाय ना?"

"हो अण्णा."

"किती हात?"

"दोन."

"मग ठीक आहे. झोपा त्यात बिनघोर."

त्यानंतर आम्ही बरेच फिरलो. त्याचं वर्णन परत कधीतरी. अण्णा आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. तरी दर ऑक्टोबरात त्यांचा न चुकता फोन येतो. "मीठ पडायच्या आत एकदा वाजवून घे." मग मी हातोडी घेऊन खाली सरकते, आणि ते चांगला कान फोनला लावतात.