रुई की मांदार?

अमरावतीहून अकोल्याला निघताना वहिनींनी एकच काम सांगितले होते. "भाऊजी, वाटेत पांढरी रुई दिसली तर रोप आणा हं, अंगणात लावायची आहे." पांढरी रुई म्हणजे श्वेतमंदार, गणपतीची आवडती. मी म्हटले, त्यात काय! वऱ्हाडात रुई बांधाबांधावर. शिवाय या कापूसमुलखात सरकी काढलेल्या कापसालाही रुईच म्हणतात. नावाची टंचाई मुळीच नाही.

रस्ता असा गुळगुळीत की डोळा लागावा. जून २०२२ मध्ये याच वाटेवर एका मार्गिकेचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनीज बुकात नोंद झाली. मूर्तिजापूरच्या अलीकडे कडेला पांढरट फुलांचे झुडूप दिसले आणि आम्ही उतरलो. बरोबर वहिनींची नऊ वर्षांची लेक होती.

बांधावरचे एक आजोबा हसले. "पांढरी रुई नोय हे, भाऊ. मांदार हाय. पाकयी पाहा ना!"

पाहिली, आणि स्वतःचीच लाज वाटली. रुईचे फूल मोठे. पाकळ्या सपाट पसरून मागे वळलेल्या, मधोमध मुकुट, रंग फिका जांभळा किंवा निखळ पांढरा, वास जवळजवळ नाहीच. मांदाराचे फूल लहान, वाटीसारखे. पाकळ्या उभ्या, पांढऱ्या, पण प्रत्येकीचे टोक जांभळ्या शाईत बुडवल्यासारखे. वासही मंद गोडसर. दोघी सख्ख्या बहिणीच. पांढऱ्या रुईलाही मंदार म्हणतात, तिथेच आमच्यासारख्यांचा घोटाळा होतो.

पानावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी निवांत चरत होती. हा विषारी चीक पचवून तिचे तांबूस फुलपाखरू होते, आणि अंगातल्या विषामुळे पाखरे त्याच्या वाटेला जात नाहीत.

मी अळीत गुंगलो, तेवढ्यात पोरीने पान तोडले. बोटे दुधाने माखली आणि तोच हात डोळ्याकडे निघाला. "डोयाले हात नको लावू, माय!" आजोबा ओरडले. मी मनगट धरले. बाटलीतले सगळे पाणी तिच्या हातांवर ओतले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मारुतीला शनिवारी याच पानांची माळ घालतो आपण, पण हा चीक डोळ्यात गेला तर फारसे दुखतही नाही. काही तासांनी एकदम धूसर दिसू लागते. म्हणून दुखत नाही असे म्हणून बसू नये. डोळा भरपूर पाण्याने धुवावा आणि थेट डॉक्टरांकडे जावे.

रोप उपटायचे म्हटले तर मूळ खोल गेलेले. "बी न्या," आजोबा म्हणाले आणि त्यांनी वाळून तडकलेली जोडबोंडे काढून दिली. तीही मांदाराचीच, वहिनींना काय सांगावे हा विचार करीत मी गाडीत बसलो. पोरीने मागे बोंड उकलले, आणि अकोला येईपर्यंत गाडीभर म्हाताऱ्या उडत होत्या.