‘शिवकल्याण राजा’ पुन्हा ऐकताना

तरुणपणी मनात घर करून राहिलेले संगीत उतारवयात तसेच भावते का? १९७४ साली, शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी निघालेला ‘शिवकल्याण राजा’ हा गीतसंग्रह मी अलीकडे तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात पुन्हा ऐकला. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे घराणे येथे १८५५ पर्यंत नांदले.

पूर्वी मला कवी भूषणाच्या छंदातील वीरश्री मोहवी. आता वाद्यमेळ कोठे कोठे जड वाटतो. लता मंगेशकरांचा स्वर आणि हृदयनाथांच्या चाली मात्र आजही ताज्या आहेत. अधिक जवळची वाटते ती समर्थ रामदासांची रचना. कारण तिच्यात लढायांपेक्षा राजाच्या गुणांचे वर्णन आहे.

ते गुण येथे निराळ्या रूपात दिसतात. शाहजीराजांनी (१६८४–१७१२) मराठीबरोबर तेलुगूतही नाटके लिहिली. दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. गड जिंकणे हा पराक्रम खराच. पण दूरदेशी आपली भाषा जपून तेथील भाषांनाही आपले म्हणणे, हाही पराक्रमच. त्या गीतांचा विषय वेगळा असल्याने तो त्यांत येत नाही. तरी ती गीते मला आजही प्रिय आहेत. फक्त आता ती मी अधिक जाणतेपणाने ऐकतो.