पूल एकदाचा झाला

संपादकांचा फोन आला तेव्हा मी सराव परीक्षेची उत्तरतालिका पुढ्यात घेऊन बसलो होतो. 'तुमच्या विषयावर लिहा, पण जरा हलकंफुलकं,' म्हणाले. माझा विषय म्हणजे स्पर्धा परीक्षांतले उतारे, त्यातही एकच प्रश्न : 'लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे?' बावीस वर्षं पुण्यात हेच शिकवतोय. हलकं राहिलेलं नाही.

उताऱ्याचे प्रश्न म्हणजे फुकटचे गुण, अशी पालकांची पक्की समजूत. उत्तर समोर छापलेलं, नुसतं शोधायचं! राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत २०१३ साली सीसॅट हा उताऱ्यांचा पेपर आला तेव्हापासून हे ऐकतोय. ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. चुकलं की पाव प्रश्नाचे गुण वजा. आणि दृष्टिकोनाचं उत्तर उताऱ्यात छापलेलं नसतंच. ते 'च'मध्ये, 'ही'मध्ये, 'म्हणे'मध्ये दडलेलं असतं. 'मंत्री आले' ही बातमी झाली. 'मंत्रीही आले' यात कौतुक असेल, नाहीतर नवल. 'मंत्री आले म्हणे' असं लिहिलं की लिहिणाऱ्याने हात झटकले. पण विषय दुष्काळाचा दिसला की मुलं डोळे झाकून 'दुःखी'वर खूण करतात. अरे, दुष्काळावर कोरडा सरकारी अहवालही लिहितात! 'तटस्थ' आणि 'उदासीन' यांची गल्लत तर दरवर्षीची. क्रिकेटचा पंच तटस्थ असतो. उदासीन झाला तर त्याला घरी बसवतात.

क्लासवाल्यांची एक युक्ती आहे : टोकाचा शब्द दिसला की तो पर्याय काटा. युक्ती अगदीच निराधार नाही. टोकाच्या उत्तरावर हरकती येतात, म्हणून पेपर काढणारे ते टाळतात. पण 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा केसरीतला १८९७चा अग्रलेख उताऱ्याला आला, तर ही मुलं टिळकांच्या नावावर 'सौम्य असहमती' लिहून मोकळी होतील.

आता ज्याने झोप उडवली ते सांगतो. जुलैच्या सराव परीक्षेत मी स्वतः लिहिलेला उतारा घातला. शेवट असा : 'पूल एकदाचा झाला. उद्घाटनाला दोन मंत्री आले. आता पलीकडच्या मुलांना शाळेसाठी होडी लागणार नाही.' पर्याय : समाधानी, तटस्थ, उपरोधिक, निराश. तालिकेत 'उपरोधिक'. पेपर झाल्यावर बीडकडची एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन आली.

'सर, समाधानी का नाही?'

'अगं, एकदाचा म्हणजे किती रखडला ते बघ.'

'आमचा पूल झाला तेव्हा आजी हेच म्हणाली होती. आणि पेढे वाटले तिने.'

मी तिला ऐकवलं, की उतारा माझा आहे, मला काय म्हणायचं होतं ते मलाच ठाऊक. बोललो आणि जीभ चावली. कारण वर्गात मी नेमकं उलटं शिकवतो. विमसॅट आणि बिअर्ड्सली या दोघा अमेरिकन समीक्षकांनी १९४६ साली मांडलं, की कृतीचा निवाडा कर्त्याच्या मनातल्या हेतूवर करू नये. (हे वर्गात सुरू झालं की मुलं घड्याळ बघतात, पण मला राहवत नाही.) परीक्षेतला 'लेखक' म्हणजे हाडामांसाचा माणूस नव्हे, त्या दीडशे शब्दांतून उभा राहतो तेवढाच. सारा होलब्रूक या अमेरिकन कवयित्रीच्या कविता टेक्सासच्या शालेय परीक्षेत आल्या होत्या. आपल्याच कवितांवरचे प्रश्न आपल्याला सोडवता येत नाहीत, असं तिने २०१७ साली जाहीर लिहिलं. कडवं तिथे का तोडलं, असा एक प्रश्न होता. वाचताना ती तिथे थांबते, म्हणून तोडलं होतं. पर्यायांत तेवढंच नव्हतं. लोकांनी परीक्षेला हसून घेतलं. मी मात्र परीक्षेची बाजू घेऊन वर्गात तासभर बोललो होतो : कवयित्रीला काय वाटतं हा मुद्दाच नाही, कागदावर काय आहे ते बघा.

आणि माझ्या कागदावर काय होतं? 'एकदाचा' या शब्दात वैतागही बसतो आणि सुटकाही. होडीचं वाक्य तर त्या मुलीच्याच बाजूने साक्ष देत होतं. उपरोध माझ्या डोक्यात राहिला होता, उताऱ्यात उतरलाच नव्हता.

तो प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण दिले. ऑगस्टमध्ये तोच उतारा पुन्हा घातला, होडीचं वाक्य काढून. त्याजागी लिहिलं, 'पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल म्हणे.' या वेळी तिने 'उपरोधिक'वर खूण केली.