नऊ वाव पाण्यात

घाटमाथ्यावरच्या मराठीत मासे ‘पकडले’ जातात. किनाऱ्यावर एवढ्या एका क्रियापदावर भागत नाही. तेथे गळाने मासे गरवतात, फेकजाळ्याने पागतात, आणि रापण लागली की अवघा वाडा ती ओढावयास वाळूत उतरतो. हे भेद कोशात वाचून कळतात. होडीत बसल्यावर पटतात.

गेल्या हिवाळ्यात न्यायालयाला सुट्टी असताना आम्ही बेळगावचे तिघे वकील निव्वळ हौसेखातर कारवारच्या समुद्रात एक दिवस गरवावयास गेलो. होडी लहान, फायबरची. तांडेल साठी ओलांडलेले, इंजिनापाशी त्यांचे चिरंजीव. घरात कोंकणी, शाळेत कन्नड आणि आमच्याशी सहज मराठी, अशी दोघांची भाषिक घडण. पहाटेच्या मतलई वाऱ्यात किनारा मागे पडला. तिथी अष्टमी होती. तांडेलांनी बोटांवर हिशोब मांडला : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. शिवाय अष्टमीचे दिवस भांगाचे. पाण्याला ओढ कमी, त्यामुळे गळ सरळ तळाला उतरतो.

‘भांग’ हा शब्द ऐकताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. जाळी तोडल्याच्या एका भरपाईच्या दाव्यात साक्षीदार खलाशाने ‘ते दिवस भांगाचे होते’ असे सांगितले होते. पाण्याला ओढ नव्हती, म्हणून जाळे आपोआप वाहत जाणे शक्य नव्हते, हा त्याचा मुद्दा. भाषांतरात मात्र त्या दिवशी सर्वांनी नशा केली होती असा अर्थ उतरला. हरकत घेऊन आम्ही तो दुरुस्त करून घेतला. परंतु हरकत घेणाऱ्याला शब्द ठाऊक नसता तर एका कष्टकरी कुटुंबाची भरपाई त्या अर्थाबरोबरच बुडाली असती.

देवगड बेटाबाहेर होडी थांबली. बांगड्याचे तुकडे आमिषाला लावले. पहिल्या तासात दोन गोबरे मिळाले. पुढे एका मोठ्या माशाने दोरीच तोडून नेली. आमचे मित्र हळहळले, ‘सुरमई गेली!’ तांडेल म्हणाले, ‘इसवण.’ कन्नडमध्ये तोच ‘अंजल’. बांगड्याला मात्र भाषा बदलली तरी ओळख सोडवत नाही : कोंकणीत बांगडो, कन्नडमध्ये बंगुडे. रापणही तशीच ‘रंपणी’ होऊन कर्नाटकाच्या किनाऱ्यावर स्थिरावली.

दक्षिणेस अंजदीव दिसत होते. कारवारसमोर असूनही ते प्रशासनाने गोव्याचे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्यांचा विषय. म्हणून गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा. कायद्याला सीमा आखाव्याच लागतात, त्याबद्दल आम्हा वकिलांची तक्रार नाही. परंतु या तिन्ही किनाऱ्यांवर जो शब्दसाठा एकमेकांत मिसळून वाढला, त्याचा वाली कोणतेही एक राज्य नाही. कन्नड शाळेत तो परका, मराठी पाठ्यपुस्तकाला तो बोलीतला.

दुपारी आम्ही विचारले, येथे पाणी किती? तांडेलांनी ओली दोरी दोन्ही हात पसरून मोजली : ‘नऊ वाव.’ पसरलेल्या दोन हातांचे अंतर म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. चिरंजिवांनी पडद्याकडे बोट दाखविले; तेथे ‘१७ मीटर’ असे होते. दोन्ही उत्तरे बरोबर होती. ‘वाव म्हणजे काय, ठाऊक आहे का?’ असे आम्ही त्या तरुणाला विचारले. तो हसून म्हणाला, ‘बाबा मोजतात ते.’

यंत्राला आमचा विरोध नाही. त्याने अनेक जीव वाचविले आहेत. पण खोली सांगणारा पडदा भांगाच्या साक्षीचा अर्थ सांगणार नाही. म्हणून वाचकांस विनंती : वेंगुर्ल्यापासून कारवारपर्यंत आपले कोणी समुद्रावर जात असेल, तर त्यांच्या तोंडचे शब्द गावाच्या नावासह, वस्तूच्या वा कृतीच्या वर्णनासह लिहून ठेवावेत. आमच्या वहीत त्या दिवशीचे एकतीस शब्द आहेत. त्यांतील अकरा आम्हाला हाताशी असलेल्या कोशात आढळले नाहीत.